हेब्रॉनच्या गल्ल्यांतले परदेशी ख्रिस्ती

पॅलेस्टिनी वस्तीत परदेशी ख्रिस्ती माणूस दिसला, तर तिथे कुणी वळून पाहत नाही. फ्रान्सिस्कन साधू तेराव्या शतकापासून त्या भूमीत आहेत. ऑटोमन राजवटीच्या उत्तरकाळात युरोप-अमेरिकेतली मिशने आली. रामल्लातली क्वेकर या ख्रिस्ती पंथाची शाळा १८६९ची, गाझातले अल-अहली रुग्णालय १८८२चे. १९४८च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले, तेव्हा गाझातल्या निर्वासितांना शिधा वाटण्याचे काम १९५०पर्यंत अमेरिकी क्वेकरांकडेच होते.

ही सगळी माणसे काहीतरी द्यायला आलेली होती: शिक्षण, औषध, पीठ. वेस्ट बँकेतल्या हेब्रॉन शहरात १९९५ साली आलेल्या ख्रिस्ती स्वयंसेवकांकडे मात्र देण्यासारखे काही नव्हते, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

त्याच्या आदल्या वर्षी, २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, बारूख गोल्डस्टाइन या ज्यू वसाहतकऱ्याने, म्हणजे व्याप्त प्रदेशात येऊन वसलेल्या इस्रायलीने, तिथल्या इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. जून १९९५मध्ये ‘ख्रिश्चन पीसमेकर टीम्स’चे स्वयंसेवक शहरात राहायला आले. युद्धात शस्त्र न उचलण्याची जुनी परंपरा असलेल्या मेनोनाइट, ब्रेदरन, क्वेकर अशा पंथांनी ही संघटना उभी केली होती. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या १९९७च्या करारानंतर शहराचा साधारण पाचवा हिस्सा इस्रायली सैन्याच्या ताब्यात राहिला. त्यात काही शे वसाहतकरी आणि हजारो पॅलेस्टिनी भिंतीला भिंत लावून राहतात. वरच्या मजल्यावरून पडणारा कचरा अडवायला बाजाराच्या गल्ल्यांवर जाळ्या ताणाव्या लागल्या, यावरून शेजार कसा असेल ते कळते.

या स्वयंसेवकांचा दिनक्रम ऐकायला अगदी साधा. सकाळी सैन्याच्या तपासणी नाक्यावर उभे राहायचे, शाळेत जाणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवायचे, कुणाला अडवले, किती वेळ, ते वहीत टिपायचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्हच्या तोडणीला शेतकऱ्यांबरोबर जायचे. मग घराघरांतून चहा. धर्मप्रचार नाही.

दक्षिण हेब्रॉनच्या डोंगराळ भागात हे काम अधिक उघडपणे दिसले. तूबा गावच्या मुलांची अत-तुवानीतल्या शाळेची जवळची वाट माओन वसाहत आणि तिच्या शेजारची वसाहतकऱ्यांची बेकायदा छोटी वस्ती यांच्यामधून जाते. २००४ साली मुलांना सोबत करणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांना तोंड झाकलेल्या लोकांनी बेदम मारले. अमेरिकी नागरिक रुग्णालयात पोचल्यावर बातमी झाली, इस्रायली संसदेच्या समितीने दखल घेतली आणि मुलांसोबत सैन्याची जीप जाऊ लागली. मुले त्याआधीही मार खात होती, हे इथे नोंदवायलाच हवे. पुढे जीप वेळेवर येते का, हे पाहणे स्वयंसेवकांचे काम झाले!

जेरुसलेममधल्या चर्चप्रमुखांच्या विनंतीवरून २००२मध्ये जागतिक चर्च परिषदेनेही असाच उपक्रम सुरू केला. त्यातले स्वयंसेवक साधारण तीन महिने राहतात. ही माणसे एकच बाजू पाहतात, असा आक्षेप इस्रायलमधून सतत घेतला जातो. राहतात एका बाजूला, तेव्हा दिसणारही तेच. पण त्यांनी टिपलेल्या नोंदी त्यामुळे खोट्या ठरत नाहीत. खरी मर्यादा वेगळी आहे. पासपोर्ट हेच त्यांचे कवच, आणि त्याच पासपोर्टवरचा व्हिसा संपला की निघावे लागते. काहींना तर विमानतळावरूनच परत पाठवले जाते.

गाझात ऑक्टोबर २०२३नंतर तेवढे कवचही उरले नाही. तिथल्या एकमेव कॅथलिक चर्चच्या, होली फॅमिलीच्या, आवारात शेकडो लोकांनी आसरा घेतला. कोलकात्यात मदर तेरेसांनी स्थापन केलेल्या संघाच्या भगिनी तिथे अपंगांची देखभाल करतात. १७ जुलै २०२५ रोजी आवारावर झालेल्या इस्रायली माऱ्यात तिघे ठार झाले आणि अर्जेंटिनाचे धर्मगुरू गाब्रिएल रोमानेल्ली जखमी झाले. पुढच्याच महिन्यात गाझा शहर रिकामे करण्याची तयारी सुरू झाली. तेव्हा लॅटिन (म्हणजे रोमन कॅथलिक) आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मपीठांनी कळवले, की आश्रितांपैकी अनेक जण इतके खंगले आहेत की त्यांना दक्षिणेकडे हलवणे म्हणजे मृत्युदंडच. त्यामुळे धर्मगुरू आणि भगिनी तिथेच राहतील.