बोट किती लांब? मापांमागची पार्श्वभूमी

जुनी बोट घ्यायला गेलं की कागदावरची लांबी एक असते, विकणारा सांगतो ती दुसरी, आणि टेप लावला की तिसरीच निघते. दर वेळी यात लबाडी असते असं नाही. बोटीची मापं गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी ठरलीच नव्हती. आधी ती कर आणि बंदराची फी वसूल करणाऱ्यांनी ठरवली, नंतर मासे कोणी कुठे धरायचे हे ठरवणाऱ्यांनी.

कोकणपट्टीत गलबताचा आवाका खंडीत सांगत, म्हणजे माल किती मावतो त्यावर. मुंबईची खंडी २० मणांची, ५६० पौंडांची. दुसरीकडे ती वेगळी.

जहाज किती टनांचं हे ठरवायचं इंग्रजांचं १७७३ च्या कायद्यातलं सूत्र मात्र मुळातून पाहण्यासारखं आहे. लांबीतून रुंदीचा तीन-पंचमांश भाग वजा करायचा, उरेल त्याला रुंदीने आणि पुन्हा निम्म्या रुंदीने गुणायचं, आणि ९४ ने भागायचं. वजाबाकी कशासाठी? नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पुढे झुकलेली असते, त्यामुळे तळाचा कणा, म्हणजे पठाण, वरच्या लांबीपेक्षा आखूड असतो. खोली कोणी मोजतच नसे, ती रुंदीच्या निम्मी धरायची. आता ६० फूट लांब, २० फूट रुंद जहाज घ्या: १०२ टन. रुंदी १६ फूट करा: साधारण ६९ टन. चार फूट कापले की आकारणी एक तृतीयांशाने खाली, आणि खोली वाढवून माल पूर्वीइतकाच भरायचा. बांधणाऱ्यांनी तेच केलं, आणि अरुंद, खोल, वाऱ्यात कलंडणारी जहाजं समुद्रात उतरली.

१८५४ मध्ये आतली पोकळी मोजायचं ठरलं, १०० घनफुटांना एक टन. तेव्हापासून नोंदणीतला टन वजनाचा नाही. तरी आजही बारा टनी बोटीत बारा टन मासळी बसेल असं समजून सौदे होतात. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने, जो १९८२ पासून लागू झाला, त्या आकड्याचं एककच काढून टाकलं. पण तो करार २४ मीटर आणि त्याहून लांब जहाजांसाठी आहे. आपल्या मासेमारी बोटी बहुतेक त्याच्या आतल्या, त्यामुळे इथला खरा वाद टनांचा नसून लांबीचा आहे.

१९९१ च्या धोरणाने परदेशी भागीदारीतल्या जहाजांना खोल समुद्र खुला केला. मच्छीमारांनी देशभर बंद पाळले, समिती बसली, १९९६ मध्ये तिचा अहवाल आला. लहान आणि मोठी बोट यांच्यातली रेघ मानली गेली ती २० मीटरची. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर स्वयंचलित ओळख यंत्रणेची, म्हणजे बोट कोणती आणि कुठे आहे हे आपोआप कळवणाऱ्या यंत्राची, सक्ती आली, तीही याच रेघेवर. २०१४ मध्ये बारा सागरी मैलांपलीकडे जाण्यासाठीच्या केंद्राचं परवानगीपत्र कितव्या मीटरपासून लागेल ती मर्यादा १५ मीटरवर, म्हणजे ४९ फुटांवर आणली गेली, आणि ती रेघ थेट आपल्या ट्रॉलरांच्या घोळक्यातून गेली. ओरड झाली. २०१७ च्या सुरुवातीला ती परवानगीपत्रंच रद्द झाली.

या सगळ्यात मोजली गेली ती एकूण लांबी, टोकापासून टोकापर्यंत. तपासणाऱ्याला सोपी, पण बोटीचं पोट सांगायला सगळ्यांत कुचकामी. १९६९ च्या करारातली लांबी ठरावीक पाणरेषेवर घेतात: त्या रेषेवरच्या लांबीचे ९६ टक्के, किंवा नाळेपासून सुकाणूच्या दांड्यापर्यंतचं अंतर, जे जास्त असेल ते. झुकत्या नाळेच्या लाकडी बोटीत या दोन लांब्यांमध्ये कित्येक फुटांचा फरक पडतो. उभ्या नाळेची, रुंद फायबर बॉडी तेवढ्याच एकूण लांबीत कितीतरी जास्त बर्फ आणि मासळी घेते. लहान मच्छीमाराला राखायला आखलेल्या रेघेवर जुन्या घाटणीची बोट उगाच मोठी ठरते, हे रेघ आखणाऱ्यांनी पाहायला हवं होतं.

बंदरावर या मीटरांना फारसं कोणी विचारत नाही. तिथे बोट दोन, चार किंवा सहा सिलेंडरची असते. क्यार आणि महा वादळांनंतर २०२० मध्ये जाहीर झालेल्या मदतीतही यांत्रिक बोटींचे गट सिलेंडरवरच पाडले होते. इंजिन बदललं की त्याच बॉडीचा गट बदलतो. म्हणून जुनी बोट घेताना पठाणाची लांबी आणि मासळी भरायच्या खणाची खोली स्वतः टेप लावून घ्यावी. पावसाळी बंदीत बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हा हे काम सोपं जातं.