पिल्लांची ‘पोटाची पुडी’: नावामागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात कुत्र्याच्या पिल्लाला ढाळ लागले की घरात पहिला हात दह्याच्या भांड्याकडे जातो. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिणाऱ्यांचे हे गाव. आईपासून तोडलेल्या पिल्लाच्या वाटीतही म्हशीचेच दूध पडते. कुत्रीच्या दुधापेक्षा त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जास्त, ते पचत नाही आणि शी पातळ होते. मग दूध बंद, दहीभात सुरू. दोन दिवसांत पोट सावरते आणि श्रेय दह्यातल्या जिवाणूंना मिळते. वास्तविक त्यातला मोठा वाटा दूध थांबवण्याचा आणि विरजताना काही लॅक्टोज आंबून गेल्याचा असतो. पण या अनुभवामुळेच पुढे बाजारात आलेली ‘पोटाची पुडी’, म्हणजे जिवंत जिवाणूंची ‘प्रोबायोटिक’ पुडी, लोकांनी चटकन आपलीशी केली. दह्याचीच ती सुधारलेली आवृत्ती, असा समज झाला.

‘प्रोबायोटिक’ हा शब्द मात्र दह्यातून आलेला नाही. १९६५ मध्ये हे नाव वापरले गेले ते एका सूक्ष्मजीवाने सोडलेल्या आणि दुसऱ्याची वाढ करणाऱ्या पदार्थांसाठी. १९७४ मध्ये तो शब्द पशुखाद्यात आला, म्हणजे माणसाच्या ताटाआधी गोठ्यात आणि कोंबड्यांच्या शेडमध्ये रुळला. पुरेशा प्रमाणात दिल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, ही आजची व्याख्या २००१ ची. युरोपात २००६ पासून जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर बंदी आली आणि पर्याय म्हणून या पुड्यांची मागणी वाढली. आपल्याकडे रेडकाची पांढरी हगवण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पिल्लासाठी अशी पुडी सुचवणे मुळीच नवे वाटले नाही.

खरा गुंता पुडीवरच्या नावाचा आहे. भारतात वर्षानुवर्षे अनेक पाकिटांवर ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस’ असे छापले गेले. वाचणाऱ्याला वाटते, हा दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसचा भाऊबंद. तसे नाही. हा जिवाणू प्रथम नोंदला गेला १९१५ मध्ये, अमेरिकेत डब्यातले आटवलेले दूध नासवणारा म्हणून. दूध साकळवतो म्हणून त्याला ‘बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स’ म्हटले गेले. १९३०च्या दशकात दुसरीकडे तोच जिवाणू ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस’ म्हणून नोंदला गेला, कारण तो लॅक्टिक आम्लही तयार करतो आणि बीजाणूही धरतो, म्हणजे जाड कवचात झोपून राहतो. पण खरे लॅक्टोबॅसिलस बीजाणू धरतच नाहीत. त्यामुळे शास्त्राने हे नाव १९५०च्या दशकातच बाद केले. पाकिटांवरून ते गेले नाही.

माझ्या मते ही नुसती छपाईची चूक नव्हे. बीजाणूंमुळेच हा जिवाणू आपल्याकडे टिकला. कवचात झोपलेला हा जिवाणू एप्रिलमध्ये दुकानाच्या फळीवर तापला तरी मरत नाही, जठरातल्या आम्लातूनही निभावतो. नाजूक लॅक्टोबॅसिलसला थंड साखळी, म्हणजे कारखान्यापासून घरापर्यंत सलग गारवा, लागते आणि आपल्याकडे ती मध्येच तुटते. म्हणजे गुण बॅसिलसचा आणि ओळख दह्याच्या कुळाची, असे हे पाकीट विकले गेले. लोकांना खरे नाव सांगितले असते तरी त्यांनी ते घेतले असते. दुसऱ्या जिवाणूवर झालेल्या प्रयोगांचे यश या जिवाणूच्या खात्यावर जमा होऊ नये, एवढाच माझा आग्रह आहे. त्यात २०२० मध्ये त्याचे नाव ‘वाइझमॅनिया’ आणि २०२३ मध्ये ‘हेन्ड्रिकझिया’ झाले. जिवाणू एक, नावे चार.

कुत्र्यांसाठी खास म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांत बहुधा वेगळाच जिवाणू असतो, एन्टेरोकॉकस फेसियम. याच जातीचे काही वाण, म्हणजे जातीतले पोटप्रकार, रुग्णालयांत औषधांना न जुमानणारे संसर्ग करतात. म्हणून इथे जातीइतकेच महत्त्व वाणाला आहे आणि नेमका वाण कोणता, ते पाकिटावर छापलेले हवे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दूध तोडल्यापासून एक वर्षाची होईपर्यंत ७ पिल्लांना यातला एक वाण दिला आणि दुसऱ्या ७ पिल्लांना दिला नाही. वाण दिलेल्या पिल्लांच्या विष्ठेत प्रतिपिंडे जास्त आढळली, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाच्या लसीला प्रतिसादही काही टप्प्यांवर चांगला दिसला. निष्कर्ष आश्वासक आहे. पण मोजली गेली ती प्रतिकारशक्ती. हगवण थांबते का, हा प्रश्न वेगळा. पुड्यांच्या जाहिरातींत मात्र दोन्ही एकच होऊन जाते.

गेल्या काही वर्षांत राजारामपुरीपासून फुलेवाडीपर्यंत घरोघरी पिल्ले आली आणि पुड्यांचा खप त्यांच्या मागोमाग वाढला. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, तरी महिन्याभराची पिल्ले हातोहात जातात. आई सुटलेली, खाणे बदललेले, पहिली लसही झालेली नाही. अशा पोटाला जिवंत जिवाणूंचा आधार मिळू शकतो, हे मी मानतो. पण त्या वयात हगवणीमागे बहुतेकदा दुसरेच काही असते. गोलकृमी आईच्या गर्भातच पिल्लात उतरतात, म्हणून जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करतात.

दवाखान्यात माझ्यासमोर आणलेल्या एका पाच आठवड्यांच्या पिल्लाला तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पुडी चालू होती. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, हिरड्या पांढऱ्याफटक. टेबलावरच त्याने शी केली, त्यात शेवयांसारखे जंत वळवळत होते. मालकाने खिशातून उरलेल्या चार पुड्या काढून दाखवल्या, व्यवस्थित घडी घातलेल्या. पिल्लू वाचले, ते जंताच्या औषधाने.

पार्वो या विषाणूच्या हगवणीत एवढीही सवड नसते. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. उलट्या, रक्ताळलेली दुर्गंधी शी आणि मलूल पडलेले पिल्लू दिसले की सलाईन त्याच दिवशी लागते. आमच्याकडे येणाऱ्या पार्वोच्या पिल्लांपैकी बरीच आधी एक-दोन दिवस घरी दह्यावर आणि पुडीवर काढून आलेली असतात.