वरच्या कोर्टात जाण्याआधी : आमच्या पक्षकारांसाठी माहितीपत्रक

आमच्या ऑफिसात आठवड्यातून दोनदा तरी एक वाक्य ऐकू येते : "इथं नाही झालं तर वरच्या कोर्टात बघू." हे वरचे कोर्ट म्हणजे नेमके कोणते, तिथे काय बघतात आणि त्याआधी खाली काय करून ठेवावे लागते, ते एकदा कागदावर असावे म्हणून हे पत्रक. वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे. तेव्हा हा कागद फक्त ज्यांचे प्रकरण आमच्याकडे आहे त्यांच्यासाठी. पाहुण्यारावळ्यांत वाटू नये, ही विनंती.

तालुका आणि जिल्हा

तालुक्याच्या कोर्टात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर बसतात. बहुतेक ठिकाणी तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. त्यामुळे बांधाचा दावा आणि त्याच बांधावरून झालेल्या मारामारीचा खटला एकाच खुर्चीसमोर चालू शकतो. पण ही दोन वेगळी प्रकरणे आहेत, एकात सुटले म्हणून दुसऱ्यात सुटत नाही. त्यांच्या वर वरिष्ठ स्तर. दावा कोणाकडे लावायचा ते मुख्यतः दाव्याच्या किमतीवर ठरते. तुमच्या कागदावर 'रे.मु.नं.' (रेग्युलर मुकदमा नंबर) आहे की 'स्पे.मु.नं.' (स्पेशल मुकदमा नंबर), ते पाहा. स्पेशल मुकदमा वरिष्ठ स्तराकडे असतो.

जिल्ह्याच्या कोर्टाचे प्रमुख प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीश. दिवाणी कामात ते जिल्हा न्यायाधीश, खुनासारख्या खटल्यात सत्र न्यायाधीश, माणूस एकच. आपल्या सातारा जिल्ह्यात कराडलाही जिल्हा न्यायालय बसते, म्हणून तिकडच्या पक्षकारांना प्रत्येक अपिलासाठी साताऱ्याची वारी नाही.

"कलेक्टरसाहेबांना सांगून तारीख लवकर लावून घ्या," असे सुचवणारेही भेटतात. कनिष्ठ स्तराचे न्यायाधीश एमपीएससीच्या परीक्षेतून निवडले जातात, आणि खालच्या सर्व न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे असते, हे संविधानाच्या कलम 235 मध्येच आहे. कलेक्टर, आमदार किंवा पोलीस यांचा तिथे काही हुकूम चालत नाही.

वेळ कुठे जातो

न्यायाधीशांसमोर जाण्याआधीच बराचसा जातो. दाखल झालेला दावा आधी कार्यालयात तपासला जातो, समन्स नाझर विभागातून (कोर्टाच्या नोटिसा बजावण्याचे काम पाहणाऱ्या विभागातून) निघते आणि बेलीफ ते बजावतो. वाटपाच्या दाव्यात सतरा प्रतिवादी, त्यातले सहा मुंबईला, दोघांचे पत्ते जुन्या चाळीचे. चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला, मग बेलीफ तरी काय करणार? म्हणून सगळ्यांचे आजचे पत्ते आधी आणून द्या. आणि समोरच्यांपैकी किंवा आपल्यापैकी कोणी मयत झाले तर दहाव्याची वाट न पाहता आम्हाला कळवा. वारस 90 दिवसांत रेकॉर्डवर आणावे लागतात, नाहीतर दावा त्या व्यक्तीपुरता 'अबेट' होतो, म्हणजे संपतो, आणि तो पुन्हा उभा करायला वेगळी खटपट पडते.

समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. कोर्ट ती मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. तुम्ही ज्याला 'स्टे' म्हणता तो तात्पुरत्या मनाईचा अर्ज म्हणजे निशाणी 5. तो मंजूर झाला म्हणून पेढे वाटणारे आम्ही पाहिले आहेत. निशाणी 5 म्हणजे निकाल नव्हे.

सातबारा आणि मालकी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे. फेरफाराची तक्रार मंडल अधिकाऱ्यांकडे, तिथला निर्णय पटला नाही तर 60 दिवसांत प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील. ही महसुलाची वाट आहे आणि तिथे फक्त नोंद बरोबर की चूक एवढेच ठरते. जमीन कोणाची, हे दिवाणी कोर्ट ठरवते. प्रांतांपासून पुढे आयुक्तांपर्यंत दहा वर्षे लढून सातबाऱ्यावर नाव लावून घेतले आणि दिवाणी दाव्यात मालकी हरली, असे होते. अडवलेल्या रस्त्याचा अर्ज मात्र मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडेच, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

आता वरचे कोर्ट

दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस. पहिल्या अपिलात खालचा पुरावा नव्याने तोलला जातो, पण नवा पुरावा सहसा घेत नाहीत. उच्च न्यायालयातले दुसरे अपील तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. थोडक्यात, जो साक्षीदार तालुक्याला आला नाही, जी पावती पेटीत राहून गेली, ती वर कोणी विचारत नाही. आमच्या मते दावा उलटतपासातच जिंकला किंवा हरला जातो. त्या दिवशी लग्नाला जाऊ नका.

मुंबई उच्च न्यायालय 1862 पासूनचे. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथे त्याची खंडपीठे आहेत. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. म्हणजे रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणे टळले. एक खर्च मात्र टळलेला नाही. खालच्या कोर्टांची भाषा मराठी, उच्च न्यायालयाची इंग्रजी. सगळ्या मराठी कागदांचे भाषांतर करून द्यावे लागते, आणि जाड फाईल असेल तर ते बिल फीइतकेच डोळ्यांत भरते.

फीवरून आठवले : महिलांना पोटगी, घटस्फोट, हिंसाचार व मालमत्तेच्या वादांत कोर्ट फी माफ आहे. शिवाय महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तसा हक्क असेल तर आमच्याकडे फी भरण्याआधी तिथे चौकशी करा. आम्हाला राग येणार नाही.

निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा (निकालाच्या प्रमाणित प्रतीचा) अर्ज टाकायला आमच्या कारकुनांना सांगा. नक्कल मिळेपर्यंतचे दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळतात, पण अर्ज केल्यापासूनचेच. आणि प्रकरणाचा 16 अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवा. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते. तेवढ्यासाठी फोन केलात तरी आम्ही सांगू, फक्त अकराच्या पुकाऱ्याच्या वेळी नको.