मारुतीच्या कमरेला पाणी

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकच्या पंचवटीतले फोन वाजू लागतात. "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय?" "कमरेला लागलंय, अजून चढतंय." गोदावरीच्या पात्रातल्या या मूर्तीवरून नाशिककर पुराची पातळी जोखतात. पुराची ही बातमी सांगताना आपण दोन काळ सहज वापरतो. 'लागलंय' म्हणजे टप्पा गाठून झाला, 'चढतंय' म्हणजे क्रिया चालू आहे. इंग्रजीचा चालू वर्तमानकाळ या 'चढतंय'चा: 'द वॉटर इज रायझिंग'.

रचना अवघड नाही. कर्त्याप्रमाणे अ‍ॅम, इज किंवा आर आणि पुढे आयएनजी लावलेलं क्रियापद. प्रश्न विचारताना अ‍ॅम-इज-आर कर्त्याच्या आधी येतं. नकारात त्याच्यामागोमाग नॉट. स्पेलिंगकडे मात्र लक्ष हवं. 'राइझ'चा शेवटचा ई गळतो, 'सिट'चा टी दोनदा लिहावा लागतो, नाहीतर वाचणारा 'साइटिंग' वाचेल.

बऱ्याच ठिकाणी मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, नाशिकमधून वाहते. हे कायमचं, म्हणून 'फ्लोज'. आज ती दुथडी भरून वाहतेय, म्हणून 'इज फ्लोइंग'. "उद्या पुण्याला जातोय" असं आपण आजच म्हणतो; ठरलेल्या बेतासाठी इंग्रजीतही 'आय अ‍ॅम गोइंग टू पुणे टुमॉरो' चालतं.

खरी गंमत वाट फुटते तिथे आहे. मी आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. गोदाकाठच्या गंगाघाटाचं चित्र दाखवून वर्णन लिहायला सांगितलं होतं. पायरीवर एक आजी बसल्या आहेत, नऊवारी नेसल्या आहेत. एका मुलीने लिहिलं, 'अ‍ॅन ओल्ड लेडी हॅज सॅट'. हा निष्काळजीपणा नव्हता, तिने मराठी इमानाने उतरवली होती. आपल्या लेखी बसण्याची क्रिया टेकताक्षणी संपते, उरते ती स्थिती. "आजी बसतायत" म्हटलं, तर गुडघ्यावर हात ठेवून त्या अजून खाली वाकताहेत असं दिसतं. "नेसतायत" म्हटलं, तर निऱ्या हातातच आहेत. इंग्रजी मात्र आजी उठेपर्यंत 'इज सिटिंग' म्हणते आणि नेसून झालेल्या लुगड्यालाही 'इज वेअरिंग'. बाळ झोपलंय, 'इज स्लीपिंग'. आईने हाक मारल्यावर आपण जागेवरून न हलता "आलो, आलो" म्हणतो. तिथे 'आय अ‍ॅम कमिंग'.

उलटी चूकही होते. "मला माहीत आहे" यातल्या 'आहे'ला भुलून मुलं 'आय अ‍ॅम नोइंग' लिहितात. माहीत असणं, मालकीचं असणं या गोष्टी प्रमाण इंग्रजी चालू क्रिया मानत नाही. म्हणून 'आय नो', 'आय हॅव टू ब्रदर्स'. चहा घेताना मात्र 'आय अ‍ॅम हॅविंग टी' बरोबर, कारण तिथे 'हॅव' म्हणजे पिणं. आणि हे नियम इंग्रजीतही पूर्वीपासून इतके पक्के नव्हते. 400 वर्षांपूर्वी समोर वाचत बसलेल्या माणसाला 'व्हॉट डू यू रीड?' असं विचारलं जाई. आज तिथे 'व्हॉट आर यू रीडिंग?' लागतं.

त्या मुलीने वाक्य सुधारलं आणि लगेच विचारलं, "बाई, मग मारुतीपण 'इज स्टँडिंग' ना?" चांगला प्रश्न होता. आजी थोड्या वेळाने उठून घरी जातील. मारुती पुरातही तिथेच असतो. त्याला 'स्टँड्स'.