पिंजऱ्यातील पक्ष्याला काय वाटते : एका प्रश्नाची पार्श्वभूमी

माणसाच्या ताब्यातील पक्ष्यांच्या भावनांविषयी बोलताना बोलका पोपट हटकून आठवतो. पण या विषयाला खरे वळण दिले ते अंड्यांसाठी दाटीवाटीने कोंडलेल्या कोंबड्यांनी. कोंबड्यांमधील टोचण्याची उतरंड १९२०च्या दशकाच्या आरंभीच नोंदली गेली होती आणि हंसाची पिल्ले अंड्यातून बाहेर पडताच समोर दिसेल त्यामागे कशी जातात, याचे वर्णन १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले होते. वर्तनवादाच्या, म्हणजे फक्त बाहेरून दिसणाऱ्या वागणुकीचाच अभ्यास करावा या मताच्या, भरात मात्र पक्ष्याला काय वाटते, हे विचारणेच अशास्त्रीय ठरवले गेले.

ही कोंडी फुटली ती प्रयोगशाळेबाहेर. ब्रिटनमध्ये १९६४ साली एका पुस्तकाने बंदिस्त पशुपालनाविरुद्ध जनमत तापवले, सरकारने समिती नेमली आणि १९६५ च्या तिच्या अहवालात प्राण्यांच्या कल्याणात त्यांच्या मनःस्थितीचाही विचार व्हावा, असे स्पष्ट नमूद झाले. हे मोठेच पाऊल होते. परंतु याच समितीने पिंजऱ्याच्या तळाबाबत केलेली एक शिफारस पुढे बरीच गाजली. बारीक तारेची षट्कोनी जाळी पायांना त्रासदायक असणार, असे गृहीत धरून तिच्याऐवजी जाड तारेची चौकोनी जाळी वापरावी, असे समितीने सुचवले. माणसाच्या नजरेने हे पटण्यासारखेच होते. कोंबडीला मात्र कोणी विचारले नव्हते. १९७३ मध्ये दोन संशोधकांनी तळाचे वेगवेगळे प्रकार कोंबड्यांपुढे ठेवले, तेव्हा कोंबड्या समितीने नाकारलेल्या बारीक जाळीवरच अधिक वेळ थांबल्या. या जाळीवर पंजाला अधिक ठिकाणी आधार मिळतो, हे त्याचे एक संभाव्य कारण.

या निकालाचा वापर पिंजऱ्यांचे समर्थक आणि विरोधक अशा दोन्ही बाजूंनी झाला, आणि माझ्या मते दोन्हीकडून ताणूनच झाला. पक्ष्याची निवड हा पुरावा आहे. पण समोर मांडलेले सगळेच पर्याय वाईट असले, तर त्यांतला कमी वाईट तेवढा निवडला जातो. शिवाय सवयीचा भाग असतो. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबड्यांपुढे पिंजरा आणि मोकळे आवार असे दोन्ही पर्याय ठेवले, तेव्हा त्या आधी पिंजऱ्याकडेच वळल्या आणि आवाराचा थोडा अनुभव मिळाल्यावर त्यांचा कल पालटला. म्हणून पुढचा प्रश्न असा झाला की, हव्या त्या गोष्टीसाठी पक्षी किती कष्ट घेईल? अंडे घालण्याची वेळ जवळ आलेली कोंबडी घरट्याच्या खोक्यापर्यंत पोहोचण्यासाठी वजन लावलेले दार ढकलते, अंग चोरून अरुंद फटीतून घुसते. खोके मिळाले नाही तर अस्वस्थपणे येरझारा घालते. धूळस्नानासाठी ती किती झटते, याबाबत मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. युरोपीय संघाने १९९९ मध्ये ओक्याबोक्या पिंजऱ्यांवर २०१२ पासून बंदी ठरवली आणि सुधारित पिंजऱ्यांत घरटे, बसायची दांडी व उकरायला भुसा बंधनकारक केला. भुशाच्या जागी अनेकदा एखादी चटईच आली, हे ओघाने सांगायला हवे.

यानंतर कोंबड्यांखेरीज इतर पक्ष्यांवरचे कामही वेगाने वाढले. २००५ च्या सुमारास पक्ष्यांच्या मेंदूच्या भागांची नावे बदलण्यात आली, कारण जुन्या नावांतच हा मेंदू निव्वळ उपजत प्रवृत्तींवर चालतो, ही समजूत दडलेली होती. मैनेच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांवरचा २००७ मधील प्रयोग विशेष बोलका आहे. एका छटेच्या झाकणाखाली चविष्ट अळी आणि दुसऱ्या छटेच्या झाकणाखाली कडू अळी मिळते, हे त्यांना शिकवले. मग मधल्या छटांची झाकणे ठेवली. ज्यांच्या पिंजऱ्यातील सुखसोयी नुकत्याच काढून घेतल्या होत्या, ते पक्षी ही संदिग्ध झाकणे उघडायला कमी धजावले, जणू खाली कडू अळीच असेल असे त्यांनी धरून चालले.

घरगुती पोपटांकडे संशोधकांचे लक्ष तसे उशिराच गेले. पोपटाने स्वतःची पिसे उपटणे ही खोड की आजार, असा वाद चालत असे. ॲमेझॉन पोपटांना अन्न शोधण्याचे आणि चढण्या-कुरतडण्याचे साहित्य दिल्यावर हे प्रमाण घटते, असे २००३ मध्ये दिसले. २०२१ मध्ये अनेक जातींची तुलना झाली, तेव्हा निसर्गात अन्न सोलण्या-फोडण्यात अधिक वेळ घालवणाऱ्या जातींत पिसे उपटणे जास्त आढळले, तर शरीराच्या मानाने मोठा मेंदू असलेल्या जातींत त्याच त्या निरर्थक हालचाली जास्त. म्हणजे एका पोपटाला अन्नासाठीची खटपट हवी असते, दुसऱ्याला डोके चालवायला काही तरी. आणि पहिल्यासाठीचा उपाय दुसऱ्याला पुरेलच असे नाही.