उबुंटूवर नोड एक, नावं दोन

2014 साली लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर मी उबुंटू 14.04 ही लिनक्स प्रणाली चढवली आणि त्यात नोड.जेएस, म्हणजे जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणारा प्रोग्राम, टाकला. इन्स्टॉल सुरळीत झालं. टर्मिनलमध्ये ‘नोड’ लिहून एंटर मारला, तर कमांडच सापडेना. ‘नोडजेएस’ लिहिलं की मात्र मुकाट्यानं चालू! मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

चूक कुणाचीच नव्हती, आडनावबंधूंचा घोळ होता. रायन डाल यांनी 2009 मध्ये गुगल क्रोमचं जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही8 इंजिन ब्राउझरबाहेर काढून त्यावर नोड.जेएस उभं केलं. पण उबुंटू ज्या डेबियन या लिनक्स प्रणालीवर बेतलेलं आहे, तिथं ‘नोड’ नावाचा प्रोग्राम आधीपासून नांदत होता. तो हौशी रेडिओवाल्यांचा, पॅकेट रेडिओवरून येणारी जोडणी स्वीकारणारा. एकाच चाळीत दोन जोशी राहायला आले की पोस्टमन कुठल्या दारात पत्र टाकणार? डेबियनचा नियमच असा, की वेगळं काम करणाऱ्या दोन प्रोग्रामांना एक नाव चालत नाही.

वाद डेबियनच्या तांत्रिक समितीपर्यंत गेला आणि 2012 मध्ये निकाल लागला: जावास्क्रिप्टवाल्यानं ‘नोडजेएस’ म्हणवून घ्यावं. ज्यांना जुनंच नाव हवं त्यांच्यासाठी ‘नोडजेएस-लेगसी’ हे वेगळं पॅकेज. त्यात होती काय, तर एका नावावरून दुसऱ्याकडे बोट दाखवणारी सिमलिंक. नियमाला धरून होतं, पण व्हायचं काय, की एनपीएम या नोडच्या पॅकेज-भांडारातल्या असंख्य स्क्रिप्टांची पहिलीच ओळ ‘नोड’ला हाक मारायची आणि आपटायची. म्हणून जो तो ती सिमलिंक हातानंच करायचा. त्यात उबुंटूच्या भांडारातली आवृत्तीही जुनी, त्यामुळे बरेच जण एनव्हीएमकडे, म्हणजे नोडच्या हव्या त्या आवृत्त्या टाकून देणाऱ्या साधनाकडे, वळले. माझ्या मते ते शहाणे. सुडोशिवाय, म्हणजे ॲडमिनचे अधिकार न वापरता, आपल्याच होम फोल्डरात काम भागतं.

2017 मध्ये डेबियननं तो निकाल मागे घेतला. रेडिओवाला तोवर ‘एएक्स25-नोड’ झाला होता, त्यामुळे नाव मोकळंच होतं. उबुंटू 18.04 मध्ये ‘नोड’ लिहिलं की नोडच चालू लागलं.

आमच्या अंधेरीच्या ऑफिसातल्या सेटअपच्या फाइलीत सिमलिंकची ती ओळ अजून आहे. नव्यानं आलेली पोरं ती इमानदारीनं चालवतात आणि विचारतात, “दादा, ‘फाइल आधीच आहे’ म्हणतंय, आता काय करू?”