फुफ्फुसक्षमता, स्त्रियांची
छातीत घेतलेली हवा किती आणि किती झपाट्याने बाहेर टाकता येते, याचे मोजमाप. ते स्पायरोमीटरवर घेतात. ठाण्या-कळव्याकडच्या पेशंटच्या बोलण्यात ही ‘फुंकायची टेस्ट’. नाकाला चिमटा, ओठांत पुठ्ठ्याची नळी आणि शेजारी तंत्रज्ञाचा धोशा : “मावशी, फुंका, फुंका, अजून, सोडू नका!” संकोचाने मध्येच थांबलेल्या बाईची फुफ्फुसे कागदावर उगाच दुबळी दिसतात.

लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये हे यंत्र मांडले आणि क्षमता उंचीबरोबर वाढते हे दाखवले. त्यांनी तपासलेले लोक बहुतेक पुरुषच होते. तेवढ्याच उंचीच्या पुरुषापेक्षा स्त्रीची फुफ्फुसे लहान असतात, म्हणून तुलना लिंग, वय व उंची पाहून करतात. उंची विचारू नये, मोजावी. सत्तरीतली आजी लग्नाच्या वेळची उंची सांगते. पाठीला बाक असेल तर पसरलेल्या हातांची लांबी धरतात.

वय : विशीत क्षमता शिखरावर असते. पुढे पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा वर्षाला साधारण २५–३० मिलिलिटरने घटते. फुफ्फुसांचा ताण सैलावतो, बरगड्या ताठरतात. पाळी गेल्यावर हाडे ठिसूळ होऊन मणके खचले, तर छातीची जागाही आक्रसते.

शरीररचना : पोटावरची चरबी श्वासपटलाला वर रेटते. आधी कमी होतो तो साधा श्वास सोडल्यावर छातीत उरणारा हवेचा साठा, आणि जोरात फुंकण्याच्या आकड्यांत तो दिसत नाही. त्यामुळे ठाणे स्टेशनचा पूल चढताना धाप लागते, पण रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. उलट, सडपातळ बाईचेही स्नायू झडले असतील तर श्वास ओढण्याचा जोर कमी पडतो. वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही.

धूम्रपान : वयाने मुख्यतः आकडे घटतात, विडी-सिगारेटने पहिल्या सेकंदाची हवा आणि एकूण फुंकलेली हवा यांचे गुणोत्तरच बिघडते. श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊनही पहिल्या सेकंदाची हवा एकूण हवेच्या ०.७० पटीहून कमी भरली, तर सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचा, संशय घेतात. अमेरिका-कॅनडातील ११ वर्षांच्या पाहणीत सिगारेट चालू ठेवणाऱ्या स्त्रियांची घट वर्षाला ५४ मिलिलिटर होती, तर सोडलेल्यांची सुमारे २२. सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षातली सुधारणा पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त दिसली.

भारतात २०१६-१७ च्या पाहणीत धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया २ टक्के, तर मिश्री-तंबाखूसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के निघाल्या. त्यामुळे केसपेपरवर ‘धूम्रपान : नाही’ हे जवळजवळ न विचारताच लिहिले जाते. मुरबाड-शहापूरकडून ठाण्यात आलेल्या बाईने माहेरी-सासरी वीसेक वर्षे फुंकलेली चूल किंवा नवऱ्याची विडी यांना त्यावर रकाना नसतो. चुलीच्या धुराच्या सीओपीडीत हवेच्या पिशव्या नासण्यापेक्षा बारीक श्वासनलिका आकसण्याचा भाग मोठा असतो.